नियम बदलायचाय? आधी खेळून बघा!

‘एक टप्पा आउट!’ हा नियम तुम्ही नक्की खेळला असाल. जागा कमी आणि पोरं कमी असली की टप्पा पडलेला चेंडू एका हातानं पकडला तरी बॅटर बाद. आता हा आपल्या गल्लीत जन्मलेला नियम आहे असं वाटत असेल, तर एक गंमत ऐका. बेसबॉल नावाच्या खेळाच्या नियमांत तो 1845 सालापासून होता! चेंडू हवेत पकडा किंवा एक टप्पा पडल्यावर पकडा, बॅटर बाद म्हणजे बाद.

मग न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबला हा नियम खटकायला लागला. टप्पा पडलेला चेंडू काय, कुणीही पकडेल. खरा झेल हवेतलाच, असं त्यांचं म्हणणं. 1857 सालापासून ते या नियमाच्या मागे लागले. दुसऱ्या बाजूलाही मुद्दा होता. तेव्हा बेसबॉलमध्ये हातमोजे नव्हते. टणक चेंडू उघड्या हातांनी झेलायचा म्हणजे बोटांची वाट! दरवर्षी बैठक, दरवर्षी वाद, दरवर्षी मतदान. शेवटी 1864 सालच्या डिसेंबरात निकरबॉकरवाले जिंकले आणि बॅटरनं मैदानात मारलेल्या चेंडूसाठी ‘एक टप्पा आउट’ बंद झालं.

सात वर्षांचा वाद! आज बेसबॉलमध्ये असा वाद झाला की एक वेगळीच गोष्ट करतात. नियम कुठल्या तरी छोट्या लीगमध्ये खेळून बघतात, घड्याळ लावतात, आकडे लिहून काढतात आणि मग भांडायला बसतात. खेळाच्या मैदानाची प्रयोगशाळा! मला ही कल्पना फार आवडते. का आवडते ते पुढं कळेलच.

आधी खेळ समजून घेऊ. एका उंचवट्यावर पिचर उभा असतो, त्या उंचवट्याला माउंड म्हणतात. तो होम प्लेटजवळ उभ्या असलेल्या बॅटरकडं चेंडू फेकतो. चेंडू टप्पा न पडता थेट येतो. बॅटरच्या मागं कॅचर बसतो आणि त्याच्या मागं अंपायर वाकून उभा असतो. होम प्लेटच्या वर हवेत एक अदृश्य खिडकी आहे असं समजायचं. चेंडू त्या खिडकीतून गेला आणि बॅटरनं मारला नाही, किंवा मारायला जाऊन हुकला, की ‘स्ट्राइक’. बाहेरून गेला आणि बॅटरनं बॅट हलवली नाही, तर ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद; चार बॉल झाले की त्याला पहिला बेस फुकट. असे तीन बेस पार करून शेवटी घरी, म्हणजे होम प्लेटला, परत आलात की एक रन. प्रत्येक संघाला नऊ इनिंग मिळतात. एवढं पुरे आहे.

आता रोग बघू. अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल ही सगळ्यात मोठी लीग. तिथं तीस संघ आहेत आणि प्रत्येक संघ एका हंगामात 162 सामने खेळतो. चाळीसेक वर्षांपूर्वी एक सामना साधारण अडीच तासांत आटपायचा. 2021 साली नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी तीन तास दहा मिनिटांवर गेली. हा जास्तीचा वेळ खेळात गेला असता तर कुणी तक्रार केली नसती. तो जात होता उभं राहण्यात! पिचर चेंडू चोळतोय, टोपी सारखी करतोय. बॅटर चौकटीबाहेर येऊन हातमोज्यांचे पट्टे सोडतोय, पुन्हा बांधतोय. प्रेक्षक जांभया देतायत.

उपाय सुचवणारे शेकडो. पण मोठ्या लीगमध्ये एकदम नियम बदलला आणि तो फसला तर? 162 सामन्यांचा हंगाम वाया. म्हणून 2019 साली मेजर लीगनं अटलांटिक लीग नावाच्या एका स्वतंत्र, लहान व्यावसायिक लीगशी करार केला. नवे नियम आधी तुमच्याकडं खेळू, असं ठरलं.

यातला एक नियम ऐकून तुम्ही हसाल. बेसबॉलमध्ये ‘बेस चोरणं’ असा प्रकार असतो. पहिल्या बेसवरचा धावपटू पिचर चेंडू फेकत असतानाच दुसऱ्या बेसकडं सुसाट पळतो. पोचला तर बेस त्याचा. दुसरा चोरता येतो, तिसरा येतो, हिंमत असेल तर होम प्लेटही. पण पहिला बेस कसा चोरणार? तुम्ही अजून कुठं पोचलेलेच नसता! तर 2019 च्या हंगामाच्या उत्तरार्धात अटलांटिक लीगनं ठरवलं, की कॅचरच्या हातून चेंडू निसटला तर बॅटरनं बॅट टाकून सरळ पहिल्या बेसकडं पळ काढावा. 13 जुलैला सदर्न मेरिलँड ब्लू क्रॅब्स संघाचा टोनी थॉमस तसा पळाला आणि पोचला. व्यावसायिक बेसबॉलमध्ये पहिला बेस चोरणारा तो पहिला खेळाडू! पुष्कळ जाणकारांनी नाकं मुरडली. बॅटरचं काम चेंडू मारणं, पळून जाणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या लीगपर्यंत हा नियम पोचला नाही. पण प्रयोग म्हणजे यशस्वी होणारच असं थोडंच असतं?

उलट मला सगळ्यात आवडलेला प्रयोग हा न जमलेलाच आहे. त्याची गोष्ट नीट सांगतो.

अलीकडं पिचर इतक्या वेगानं चेंडू फेकायला लागलेत की बॅटर भराभर बाद होतात. ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू पिचरच्या हातून सुटल्यापासून सुमारे 0.4 सेकंदात होम प्लेटवर येतो. पापणी मिटून उघडेपर्यंत खेळ खलास! मग कुणीतरी म्हणालं, पिचरला जरा मागं सरकवा की. बॅटरला थोडा जास्त वेळ मिळेल, चेंडू बॅटला लागेल, मैदानात पळापळ होईल.

या सूचनेला इतिहासाचा भक्कम पाठिंबा होता. 1892 पर्यंत पिचर एका चौकटीतून चेंडू टाकायचे आणि चौकटीची पुढची रेघ 50 फुटांवर होती. 1893 मध्ये नियम बदलला आणि पिचरचा पाय 60 फूट 6 इंचांवरच्या पट्टीला टेकलेला हवा असं ठरलं. प्रत्यक्षात पिचर पाचेक फूट मागं गेले. परिणाम काय झाला? 1892 मध्ये नॅशनल लीग या तेव्हाच्या मोठ्या लीगचे बॅटर दर हजार प्रयत्नांत साधारण 245 वेळा यशस्वी व्हायचे. दोनच वर्षांत तो आकडा 309 झाला! पिचरची दैना उडाली. तेव्हापासून 60 फूट 6 इंच हे अंतर कुणी हलवलेलं नव्हतं.

तेव्हा 2021 च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक लीगनं पिचरला आणखी एक फूट मागं नेलं, 61 फूट 6 इंचांवर. हिशेब कागदावर सुरेख दिसत होता. ताशी 150 किलोमीटरचा चेंडू एक फूट लांबून आला, तर बॅटरला तो साधारण 147 किलोमीटरचा वाटेल. बॅटर खूश होणार, पिचर कुरकुरणार, असा सगळ्यांचा अंदाज.

आणि झालं काय? जवळजवळ काहीच नाही! बॅटर पूर्वीइतकेच बाद होत राहिले.

असं का व्हावं? जरा विचार करू. एक फूट जास्त म्हणजे बॅटरला मिळाले सेकंदाच्या हजार भागांतले सात-आठ भाग. पण तेवढाच जास्त वेळ चेंडूलाही मिळाला! पिचर चेंडूला फिरकी देतो. फिरणारा चेंडू हवेला एका बाजूला ढकलतो आणि हवा त्याला उलट बाजूला ढकलते, म्हणून तो हवेतच वळतो. हा रेटा सतत चालू असल्यामुळं वळण वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. हवेत राहण्याचा वेळ दुप्पट केला तर वळण चौपट होईल. म्हणजे एका फुटानं वेळ जितके टक्के वाढला, त्याच्या साधारण दुप्पट टक्के वळण वाढलं. बॅटरच्या एका हातात लाडू दिला आणि दुसऱ्या हातातला काढून घेतला, असा प्रकार. निदान एक कारण तरी हे असावं. माउंड पुन्हा जुन्या जागी गेला.

हा नियम जर भाषणं ऐकून आणि हात वर करून मंजूर झाला असता तर? सव्वाशे वर्षांचं अंतर मोडलं असतं आणि हाती काहीच आलं नसतं. आणि अंदाज बांधणारे हुशार होते बरं का! हुशार माणसांचा अंदाजही चुकतो. म्हणून तर खेळून बघायचं.

2021 मध्येच आणखी एक शहाणपणाची गोष्ट झाली. मोठ्या संघांच्या हाताखाली मायनर लीग नावाच्या लहान लीगच्या पायऱ्या असतात. तिथं उमेदवार खेळाडू तयार होतात. यातल्या प्रत्येक पायरीवर वेगळा नियम लावला गेला. सर्वांत वरच्या पायरीवर बेसची चौकोनी उशी 15 इंचांऐवजी 18 इंचांची केली. त्याच्या खालच्या पायरीवर क्षेत्ररक्षकांनी कुठं उभं राहायचं यावर बंधन घातलं. आणखी खालच्या एका पायरीवरच्या लीगमध्ये यंत्रानं स्ट्राइक मोजले, तर पश्चिमेकडच्या एका लीगमध्ये पिचरवर घड्याळ लावलं. सगळे नियम एकदम एकाच ठिकाणी का नाही लावले, ओळखा बरं? कारण मग सामना लवकर संपला तर तो उशीमुळं संपला की घड्याळामुळं, हे कळणार कसं? शाळेत रोपांचा प्रयोग करताना एका कुंडीला ऊन आणि पाणी दोन्ही एकदम कमी केलं तर बाई का रागावतात, ते आता लक्षात आलं असेल.

घड्याळानं मात्र कमाल केली. त्या पश्चिमेकडच्या लीगमध्ये सामने वीस मिनिटांहून जास्त लवकर संपायला लागले. तसं घड्याळ काही एका दिवसात आलेलं नव्हतं. 2014 मध्ये ॲरिझोनात तरुण खेळाडूंच्या एका लीगमध्ये त्याची पहिली चाचणी झाली होती. 2022 मध्ये ते सगळ्या मायनर लीगमध्ये आलं आणि 2023 मध्ये मेजर लीगमध्ये. बेस रिकामे असतील तर पिचरला 15 सेकंद, बेसवर कुणी असेल तर त्या वर्षी 20. बॅटरनं आठ सेकंद उरायच्या आत तयार राहायचं. पिचरनं उशीर केला तर बॅटरला एक ‘बॉल’ बक्षीस, बॅटरनं उशीर केला तर त्याच्या नावावर एक ‘स्ट्राइक’.

सरावाच्या सामन्यांतच याची पहिली ठिणगी पडली. 25 फेब्रुवारी 2023, फ्लोरिडा. अटलांटा ब्रेव्ह्ज विरुद्ध बोस्टन रेड सॉक्स, 6-6 अशी बरोबरी. शेवटची इनिंग, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. ब्रेव्ह्जचा तरुण बॅटर कॅल कॉनली उभा. दोन स्ट्राइक झालेत, तीन बॉल झालेत. म्हणजे पुढच्या चेंडूवर काही ना काही होणारच! अंपायरनं अचानक हात वर केले. कॉनलीला वाटलं, पिचरची चूक झाली, चौथा बॉल मिळाला, आपण जिंकलो! तो पहिल्या बेसकडं निघालासुद्धा. पण चूक त्याची होती. घड्याळात आठ सेकंद उरले तरी तो तयार नव्हता. तिसरा स्ट्राइक, बाद, सामना बरोबरीत खलास. प्रेक्षकांनी एकच ओरडा केला.

नियम चुकीचा होता का? मला नाही वाटत. घाईघाईनं थेट मोठ्या सामन्यात आणला असता तर चुकीचा ठरला असता. सरावातच हे घडल्यामुळं खेळाडू सावध झाले आणि हंगाम पुढं गेला तशा घड्याळाच्या चुका कमी कमी होत गेल्या. 2023 मध्ये सामन्याची सरासरी वेळ दोन तास चाळीस मिनिटांवर आली. मागच्या वर्षीपेक्षा 24 मिनिटं कमी! बेसची उशी मोठी केल्यामुळं पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधलं अंतर साडेचार इंचांनी घटलं. शिवाय धावपटूला दबकावण्यासाठी पिचरनं बेसकडं किती वेळा चेंडू फेकायचा यावरही मर्यादा आली. मग चोरांचं फावलं! 2022 मध्ये 2,486 बेस चोरले गेले होते, 2023 मध्ये 3,503. प्रेक्षकही वाढले. इकडं क्रिकेटवाल्यांनीही दोन षटकांच्या मध्ये 60 सेकंदांचं घड्याळ लावलंय, आणि तेही आधी काही महिने चाचणी घेऊन.

पण वाद संपला असं समजू नका. 2024 मध्ये बऱ्याच पिचरांचे कोपर दुखावले, तेव्हा खेळाडूंच्या संघटनेनं घड्याळाकडं बोट दाखवलं. दोन चेंडूंमध्ये हाताला विश्रांती मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. लीगनं ते मान्य केलं नाही. त्यांचा रोख जास्तीत जास्त वेगानं चेंडू फेकण्याच्या हट्टाकडं होता. हे दोन-चार महिन्यांत ठरणारं नाही. हाताची झीज सावकाश होते, तिला वर्षानुवर्षं मोजावं लागतं. इथं माझं मत खेळाडूंच्या बाजूनं थोडं झुकतं. ज्यांचा हात पणाला लागलाय, त्यांची शंका पुरती फिटेपर्यंत मोजत राहायला हवं.

आता यंत्राची गंमत. ती अदृश्य खिडकी आठवते ना? चेंडू तिच्यातून गेला की नाही, हे आजवर अंपायरचा डोळा ठरवत आला. 10 जुलै 2019 ला पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावात अटलांटिक लीगच्या सामन्यात अंपायर ब्रायन डीब्रॉवेअर कानात एक छोटं यंत्र घालून उभे राहिले. रडार चेंडूचा माग काढायचं आणि खिशातल्या फोनवरून त्यांच्या कानात ‘बॉल’ किंवा ‘स्ट्राइक’ असं सांगायचं. ते तेच मोठ्यानं ओरडायचे. दोनच दिवसांनी फ्रँक व्हायोला हे नावाजलेले माजी पिचर, तेव्हा प्रशिक्षक, यंत्राच्या निर्णयावरून इतके भडकले की त्यांना मैदानाबाहेर काढलं गेलं. यंत्राशी भांडता येत नाही, म्हणून ते भांडले अंपायरशी!

आणि त्यांचं भडकणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. यंत्र नियम शब्दशः पाळतं. झपकन खाली पडणारा एखादा चेंडू खिडकीच्या खालच्या कडेला जेमतेम शिवून जातो आणि कॅचर तो जवळजवळ मातीतून उचलतो. यंत्र म्हणतं, स्ट्राइक! मैदानातलं प्रत्येक माणूस म्हणतं, छे, हा कसला स्ट्राइक! शंभर वर्षं नियम पुस्तकात एक होता आणि मैदानात थोडा वेगळाच खेळला जात होता, हे यंत्रानं उघडं पाडलं. शिवाय कॅचर मंडळींची एक कला असते. खिडकीच्या किंचित बाहेरचा चेंडू ते अशा सफाईनं झेलतात की अंपायरला तो आतलाच वाटतो. यंत्र आलं की ही कला मातीमोल.

मग 2023 मध्ये मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर एक छान प्रयोग झाला. मंगळवार ते गुरुवार सगळे निर्णय यंत्राचे. शुक्रवार ते रविवार निर्णय अंपायरचे, पण संघांना ठरावीक वेळा दाद मागायची मुभा. तेच खेळाडू, तीच मैदानं, फक्त नियम वेगळा! खेळाडूंचा कल दुसऱ्या पद्धतीकडं स्पष्ट दिसला आणि 2024 च्या जूनमध्ये सगळ्याच दिवशी ती लागू झाली. 2025 च्या सप्टेंबरात मेजर लीगनंही 2026 च्या हंगामासाठी ती मंजूर केली. प्रत्येक संघाला दोन संधी, बरोबर ठरलात तर संधी शाबूत. दाद मागायचा हक्क फक्त बॅटर, पिचर आणि कॅचर यांना. त्यांनी डोक्याला हात लावायचा, तोही लगेच, बाकावरच्या कुणाला न विचारता. आणि खिडकी प्रत्येक बॅटरच्या उंचीप्रमाणं बदलते. तळ उंचीच्या 27 टक्क्यांवर, माथा 53.5 टक्क्यांवर. त्यासाठी खेळाडूंची बूट काढून उंची मोजतात!

क्रिकेटमधला डीआरएस आठवला ना? आठवायलाच हवा, कारण मेजर लीगमध्ये चेंडूचा माग काढणारी हॉक-आय यंत्रणा तीच, जी 2001 मध्ये पॉल हॉकिन्स या इंग्रज संशोधकानं क्रिकेटच्या प्रक्षेपणासाठी आणली होती. वानखेडेवर पायचीतचा निर्णय बघताना पडद्यावर जी चेंडूची रेघ दिसते, तिचंच हे भावंड.

काही प्रश्न मात्र मोजून सुटत नाहीत. बेसबॉलमध्ये बरोबरी झाली तर जादा इनिंग खेळतात, कुणी जिंकेपर्यंत. 18 एप्रिल 1981 च्या रात्री ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावात मायनर लीगचा एक सामना सुरू झाला आणि संपेचना. पहाटे चारनंतर तो थांबवला तेव्हा 32 इनिंग झाल्या होत्या आणि कडाक्याच्या थंडीत 19 प्रेक्षक उरले होते. जूनमध्ये तो पुढं सुरू केला, तर 33 व्या इनिंगमध्ये लगेच संपला. व्यावसायिक बेसबॉलमधला हा सर्वांत लांब सामना.

असं होऊ नये म्हणून 2018 पासून मायनर लीगमध्ये आणि 2020 पासून मेजर लीगमध्ये जादा इनिंगची सुरुवातच दुसऱ्या बेसवर एक धावपटू ठेवून करतात. रन पटकन होतो, सामने लवकर संपतात, पिचरांचे हात वाचतात. आकड्यांच्या दृष्टीनं नियम पास! तरी कितीतरी लोकांना तो मुळीच आवडत नाही. न कमावलेला धावपटू बेसवर आलाच कसा, हा त्यांचा प्रश्न. घड्याळ मिनिटं मोजतं. फुकटचा धावपटू न्याय्य वाटतो की नाही, हे कुठलं घड्याळ मोजणार? मला स्वतःला तो पटत नाही, पण 162 सामने खेळणाऱ्या संघांच्या पिचरांचा विचार केला की माझा विरोध जरा लुळा पडतो.

लीगनंही दोन्ही बाजूंचं थोडंथोडं ऐकलंय. साध्या सामन्यांत हा नियम आहे, पण हंगामाच्या शेवटच्या बाद फेरीत नाही. तिथं जुनाच खेळ. म्हणून तर 27 ऑक्टोबर 2025 ला लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्स आणि टोरोंटो ब्लू जेज यांचा वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेतला सामना 18 इनिंग चालला, सहा तास एकोणचाळीस मिनिटं. दुसऱ्या बेसवर फुकटचं कुणी नव्हतं. शेवटी फ्रेडी फ्रीमननं चेंडू कुंपणापार भिरकावला आणि डॉजर्स 6-5 असे जिंकले.